गिरणीच्या धनिणीने काय केले

हातमोज्यांच्या त्या कारखान्यात दोन दालने होती, आणि दोन निरनिराळ्या राज्यांमध्ये असावी तशी त्यांच्यामध्ये एक जाड भिंत होती. भिंतीच्या अलीकडे पुरुष ओलसर कातडे ताणून कापीत; पलीकडे बायका ते शिवीत. कापणाऱ्यांच्या दालनात ठोकाठोक, आरडाओरड आणि शिव्या यांना तोटा नसे. शिवणाऱ्यांच्या दालनात मात्र, सुईला आवाज नसतो या साध्या कारणाने, दिवसभर शांतता असे. आणि त्या शांततेचे सार्थक व्हावे म्हणून तेथे फार पूर्वीपासून एक वाचक ठेवण्याची पद्धत होती.

दालनाच्या मधोमध लाकडी चौथरा होता. त्यावरील उंच खुर्चीत बसून वाचकाने सकाळी वर्तमानपत्र आणि दुपारी कादंबरी मोठ्याने वाचावी, एवढेच त्याचे काम. त्याचे वेतन मालक देत नसत. बायकाच आपल्या मजुरीतून थोडी थोडी वर्गणी काढून देत. म्हणून पुस्तकही त्याच निवडीत, आणि वाचन मनास आले तर सुई टोचू नये म्हणून बोटांत घातलेली लोखंडी अंगुस्ताने मेजाच्या फळीवर ठोकून दाद देत. नियम एकच होता, परंतु तो कडक होता: जे छापले आहे तेच वाचायचे, एक शब्द गाळायचा नाही की पदरचा घालायचा नाही. ज्याने हे मोडले त्याने चौथरा उतरायचा.

या चौथऱ्यावर जो गृहस्थ बसत असे त्याला सगळे मास्तर म्हणत. वस्तुतः तो कोणत्याही शाळेत मास्तर नव्हता. त्याचे स्वतःचे शिक्षणच वडिलांच्या आजारपणात अर्ध्यावर सुटले होते. परंतु आवाज खणखणीत होता, उच्चार स्वच्छ होते आणि छापील शब्दांवर त्याची अशी निष्ठा होती, जशी एखाद्या सैनिकाची निशाणावर असते. आपण कधीही एक अक्षर इकडचे तिकडे केले नाही, हा त्याच्या आयुष्यातला एकमेव अभिमान होता. दुसरा अभिमान धरावा असे त्याच्यापाशी काही नव्हतेच. त्याची बायको त्याच दालनात बोटांमधल्या अरुंद पट्ट्या शिवण्याचे नाजूक काम करीत असे आणि त्याच्यापेक्षा अधिक कमावीत असे. त्याचा मेहुणा भिंतीपलीकडे कातडे कापीत असे, आणि जेवणाच्या सुट्टीत चारचौघांत हमखास म्हणे, "या, भावोजी या! आज काय, राणी रुसली की राणी हसली? आमचं नशीब फुटकं, आम्हाला हातांनी काम करावं लागतं." मग सगळे हसत. मास्तरही हसे, परंतु ते हसू घशाखाली उतरत नसे. आपल्याला एक मेज असावे, मेजामागे खुर्ची असावी, आणि तिच्यापाशी येणाऱ्या माणसाने आत यायचे का असे विचारून आत यावे, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा होती. इतरांना ती क्षुल्लक वाटेल. त्याला ती डोंगराएवढी वाटत होती.

त्या वर्षी बायकांनी निवडलेली कादंबरी जुनी, नावाजलेली आणि उशाला घेता येईल इतकी जाड होती. तिच्यात एका कापडगिरणीची तरुण धनीण होती. बापामागे गिरणी तिच्याकडे आली होती, आणि बापाने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते की लग्नाच्या दिवशी गिरणी स्वतःकडे ठेवायची की नवऱ्याच्या हवाली करायची, हे तिने स्वतःच ठरवावे. त्याच गिरणीत एक गरीब कारकून होता; देखणा, हुशार आणि मोठेपणाच्या हव्यासाने आतून करपलेला. त्याचे प्रेम धनिणीवर आहे की गिरणीवर, या प्रश्नाने शिलाईच्या दालनात अक्षरशः दोन तट पडले होते.

"अगं, प्रेम खरंच आहे त्याचं. पत्र लिहिताना हात थरथरला, ऐकलं नाहीस?" एखादी तरुण मुलगी म्हणे.

त्यावर अंगठेवाली सुई खाली न ठेवता उत्तर देई. ही बाई आयुष्यभर हातमोज्यांचे फक्त अंगठेच शिवीत आली होती, कारण अंगठा सर्वांत अवघड, आणि तिच्यासारखा तो कोणाला जमत नसे. "हात थरथरला तो नफा मोजताना. माझ्या नवऱ्याचाही थरथरायचा. मी मजुरी घरी आणली की."

दालनाच्या टोकाला तपासणीच्या मेजाशी थोरल्या बाई बसत. कारखाना त्यांचा आणि त्यांच्या धाकट्या भावाचा, निम्मानिम्मा. बाईंनी लग्न केले नव्हते. शिवून आलेला प्रत्येक हातमोजा त्या स्वतःच्या हातात चढवीत, मूठ वळीत, उघडीत, आणि टाका ताणला तर काही न बोलता बाजूला ठेवीत. ते न बोलणे बोलण्यापेक्षा बोचे. कादंबरी त्याही ऐकत. परंतु त्यांनी अंगुस्तान घातलेले नसे, म्हणून त्यांची दाद कोणाला कधी कळली नव्हती.

भाऊ, ज्यांना सगळे धाकटे मालक म्हणत, कारखाना एका मोठ्या कंपनीला विकू पाहत होते. कंपनी शिलाईची यंत्रे आणणार होती. बाईंच्या सहीवाचून मात्र पान हलत नव्हते. एके दिवशी सर्वांच्या देखत भावाने फार लकडा लावला तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "ही गिरणीवाली पोरगी काय करते ते कळू दे. पुस्तक संपलं की त्याच दिवशी सांगते."

सगळ्यांना ती थट्टा वाटली. परंतु थोरल्या बाई थट्टेत दिलेला शब्दही पाळीत, हे भावाला ठाऊक होते. त्या दिवसापासून कादंबरीचे पान उलटले की धाकट्या मालकांच्या काळजात काहीतरी उलटत असे.

शेवटचे प्रकरण उरले त्या दुपारी त्यांनी मास्तरला आपल्या काचेच्या खोलीत बोलावले आणि, जे पूर्वी कधी झाले नव्हते, बसायला खुर्ची दिली.

"तुम्ही पुढचं घरी वाचून ठेवता म्हणे?"

"जिभेला वळण पडावं म्हणून, मालक."

"मग सांगा. देते का ती गिरणी?"

मास्तर घुटमळला. शेवट आधी फोडणे त्याला चोरीसारखे वाटे. परंतु मालकांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे होते, आणि ज्याच्या कपाळावर घाम आहे अशा धनवान माणसाला नाही म्हणण्याची त्याला सवय नव्हती.

"देते."

"स्वतःच्या हातानं?"

"किल्ल्यांचा जुडगा त्याच्या तळहातावर ठेवते. मग खिडकीपाशी भरतकाम घेऊन बसते. सुखात असते, असं लिहिलंय."

धाकटे मालक एवढ्या मोठ्याने हसले की बाहेरून जाणाऱ्या माणसाने काचेतून डोकावून पाहिले. "अहो, मग मी झोप कशासाठी उडवून घेतली? मी तर तुम्हाला दोन ओळी फिरवायला सांगणार होतो! आता काही नको. छापलंय तसं वाचा. काना मात्रा वेलांटीसकट." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "नव्या कंपनीला गोदामाचा कारभारी लागेल. मेज, खुर्ची, हाताखाली माणसं. मी तुमचं नाव सांगितलंय. सही झाली की पक्कं."

मास्तरच्या कानांत वारे भरले.

"लोक मला काय म्हणतात, माहीत आहे?" मालक काचेकडे तोंड करून म्हणाले. "ताईचा भाऊ. पन्नाशीला आलो, अजून ताईचा भाऊ! तुम्हालाही म्हणत असतील काहीतरी."

"म्हणतात," मास्तर म्हणाला.

"मग तुम्हाला वेगळं सांगायला नको."

तो खोलीतून बाहेर पडला तेव्हा त्याला असे वाटले, की ज्याचा खरेपणा आणि ज्याचा लाभ एकाच वाटेने चालले आहेत असा भाग्यवान पुरुष या जगात विरळा असेल. त्या आनंदात तो संध्याकाळी घरी पोहोचला.

बायको खिडकीशी बसून सुईने सोललेल्या बोटांना तेल चोळीत होती. त्याने गोदामाची वार्ता सांगितली. मेजाची, खुर्चीची, हाताखालच्या माणसांची. खोली कशी मोठी मिळेल, तिने सुई कशी कायमची खाली ठेवावी, हेही सांगितले. ती ऐकत राहिली.

"तुला आनंद नाही झाला?"

"परवा दालन मोजायला कंपनीचा माणूस आला होता," ती म्हणाली. "मी शेवटची जोडी बांधायला मागे राहिले होते, कपाटाआड. त्यांना वाटलं कुणी नाही. तो म्हणाला, यंत्रं भिंतीपासून भिंतीपर्यंत बसतील, आठ-दहा बायका पुरे. मालक म्हणाले, ताईसमोर बोलू नका, तिला मी सांगितलंय की सगळ्या राहतील."

मास्तर म्हणाला, "मग बाईंना सांग!"

"आणि मालक म्हणाले, ही खोटं बोलतेय, तर? सख्ख्या भावापुढे पट्ट्या शिवणारीचं कोण ऐकणार? उद्या सकाळी मी फाटकाबाहेर, आणि सही ती होणारच." तिने तेलाची वाटी बाजूला ठेवली. "शेवट काय आहे हो पुस्तकाचा? मला तरी सांगा."

त्याने सांगितले.

"मग तो वाचू नका."

"वाचू नको म्हणजे?"

"दुसरा वाचा."

"अगं, तुला कळतंय का काय बोलतेस? मी आजवर एक शब्द…"

"माहीत आहे. काल असं म्हणाला असतात तर मी तोंड मिटून बसले असते. तुमच्या खरेपणाचा मलाही अभिमान आहे. पण आज त्याला गोदामाची खुर्ची बांधलेली आहे. आता तो खरेपणा कुठला आणि खुर्ची कुठली, हे तुम्हाला तरी वेगळं करता येतंय का?"

मास्तर संतापला. संतापलेला माणूस जे बोलतो ते सर्व तो बोलला: बायकांच्या वर्गणीवर जगण्याची लाज तुला काय कळणार, तुझ्या भावाचे टोमणे तू कुठे ऐकतेस, माझ्या वाट्याला एकदा काही येते आहे तर तेही तुझ्या डोळ्यांत खुपते. ती रडली नाही. रडली असती तर त्याला सोपे गेले असते.

"उद्या मी काही बोलणार नाही," एवढेच ती शेवटी म्हणाली. "तुम्हीही माझ्याकडे बघून वाचू नका. जे वाचाल ते तुमचं तुम्ही वाचा."

दुसऱ्या दिवशी दुपारी शिलाईच्या दालनात एवढी शांतता होती की मेण लावलेला दोरा कातड्यातून सरकताना ऐकू येत होता. कापणाऱ्यांपैकीही काहीजण दारात येऊन उभे राहिले होते. त्यांत मेहुणा होता. त्यांच्या पुढे, चौकटीला खांदा टेकून, धाकटे मालक होते, आणि त्यांच्या कोटाच्या खिशातून जाड कागदाचे टोक बाहेर डोकावत होते. थोरल्या बाई तपासणीच्या मेजाशी होत्या. आज त्यांच्या हातात हातमोजा नव्हता.

"मास्तर, आज त्या मेल्या कारकुनाचं काय ते होऊन जाऊ द्या," अंगठेवाली म्हणाली. "माझे अंगठे वाकडे व्हायला लागलेत काळजीनं."

कोणी नीट हसले नाही. मास्तरने पुस्तक उघडले.

आरंभ त्याने चांगला केला. लग्नाची सकाळ, फुलांनी सजलेले दालन, कारकुनाचा नवा कोट, धनिणीचे फिकट पडलेले गाल. शब्द त्याच्या मुखातून पाण्यासारखे वाहत होते. तिने एकटीने गिरणीत फेरी मारली. मागांवरून हात फिरवला. बापाच्या खुर्चीपाशी थांबून तिने डोळे पुसले, आणि दालनातल्या दोघीतिघींनीही पुसले. मग ती परतली, सर्वांसमक्ष कारकुनापुढे उभी राहिली आणि कमरेचा जुडगा सोडून हातात घेतला.

येथे पान संपत होते. मास्तरने पान उलटले.

पहिले वाक्य त्याच्या डोळ्यांसमोर होते: 'आणि धनिणीने तो जुडगा त्याच्या तळहातावर अलगद ठेवला.' त्याने श्वास घेतला. त्याने ठरवले होते की बायकोकडे पाहायचे नाही, आणि त्याने पाहिले नाही. परंतु न पाहताही त्याला कळले, की तिसऱ्या रांगेतली एक सुई थांबली आहे. दारात मालकांनी हात खिशाकडे नेला. मास्तरच्या मनात गोदामाचे मेज उभे राहिले, स्वच्छ, वार्निश केलेले. आणि त्या मेजापलीकडे हे दालन दिसले, यंत्रांनी भरलेले, खडखडणारे, ज्यात कोणी कोणाला काही वाचून दाखवू शकणार नाही.

"मास्तर?" कोणीतरी हळूच म्हणाले.

"आणि धनिणीने," तो वाचू लागला, "तो जुडगा… तो जुडगा त्याच्यापुढे धरला. कारकुनाने हात पसरला. परंतु ती म्हणाली, 'थांबा. या किल्ल्यांमध्ये केवळ दारे नाहीत. या गिरणीत ज्यांची पोटे आहेत त्यांना मी काय उत्तर देऊ? तुमचे प्रेम खरे असेल तर ते रिकाम्या हातानेही टिकेल. आणि खोटे असेल, तर सोन्याच्या हातानेही टिकणार नाही.' असे म्हणून तिने… तिने जुडगा पुन्हा कमरेला अडकवला."

आपल्या तोंडून हे कोणते शब्द बाहेर पडत आहेत, हे तो परक्यासारखा ऐकत होता. समोर छापलेल्या ओळी मुंग्यांसारख्या वळवळत होत्या. कारकून खाली मान घालून निघून जातो आणि गिरणीचा भोंगा वाजतो, असे काहीतरी बोलून त्याने पुस्तक मिटले.

दालनात गारा पडाव्यात तशी अंगुस्ताने वाजू लागली. मेजे हादरली, कात्र्या उडाल्या, तरुण मुली उभ्या राहिल्या. त्या कल्लोळात दोनच जागा स्तब्ध होत्या: त्याच्या बायकोची आणि थोरल्या बाईंची.

धाकटे मालक रांगांमधून चालत आले. त्यांचा चेहरा पांढराफटक होता.

"पुस्तक बघू."

"मालक, वाचायची हौस असेल तर चौथऱ्यावर बसा की!" अंगठेवाली ओरडली. "आम्ही वर्गणी देऊ!"

हशा पिकला, परंतु मालकांनी पुस्तक मास्तरच्या हातातून ओढून घेतले तेव्हा तो विरला. त्यांनी शेवटची पाने काढली आणि उभ्या उभ्या, वर्तमानपत्रातला बाजारभाव वाचावा तशा कोरड्या आवाजात, वाचले: "'आणि धनिणीने तो जुडगा त्याच्या तळहातावर अलगद ठेवला. ती म्हणाली, आता माझे ओझे उतरले. त्या दिवसापासून ती खिडकीपाशी भरतकाम करीत बसे, आणि गिरणीचा भोंगा तिला पुन्हा कधी ऐकू आला नाही.' संपलं. ताई, हे छापलंय. हे!"

अंगुस्तानांचा आवाज केव्हाच थांबला होता. थोरल्या बाई खुर्चीतून उठल्या नाहीत.

"मास्तर, यातलं पुस्तकातलं कुठलं?"

"मालकांनी वाचलं ते."

"आणि तुम्ही वाचलंत ते?"

"ते… माझं."

"मला वाटलंच," बाई म्हणाल्या. "या पुस्तकातली पोरगी दोन वाक्यं बोलली की तिसऱ्याला रडते. आज एवढं लांबलचक भाषण, आणि डोळे कोरडे."

"बघितलंस ताई? बायकांनी फितवलाय याला!"

"तू थांब." बाईंची नजर मास्तरवरून हलली नाही. "मास्तर, तुम्हाला कुणी काही देऊ केलं होतं?"

मास्तरने ओठ ओले केले. मेहुणा दारातून पाहत होता. सगळे पाहत होते. "गोदामाचा कारभारी करणार होते."

"काय वाचलंत तर?"

"छापलंय ते."

दालनात कुजबुज उठली आणि थांबली. बाई बोटांनी मेजाची कड चाचपत होत्या, जसा त्या हातमोज्याचा टाका चाचपत. "म्हणजे खरं वाचून खुर्ची मिळत होती. आणि ज्या माणसानं कधी एक शब्द फिरवला नाही, तो आज सगळ्यांसमोर खोटं वाचतो. नुकसान सोसून. का?"

मास्तरला उत्तर देता येत होते. परंतु ते उत्तर दिले तर फाटकाबाहेर कोण जाणार, हे त्याला ठाऊक होते. तो मान खाली घालून उभा राहिला. तेव्हा तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकली.

"मी सांगितलं म्हणून," त्याची बायको म्हणाली. तिने कपाटाआडून ऐकलेले सगळे सांगितले: मोजणारा माणूस, भिंतीपासून भिंतीपर्यंत यंत्रे, आठ-दहा बायका, आणि ताईसमोर बोलू नका हे शब्द.

"साफ खोटं!" मालक म्हणाले. "ताई, तू माझं ऐकणार की हिचं?"

"तुझंच ऐकणार. माझ्याकडे बघ, आणि सांग. किती जणी राहतील?"

"ताई, धंदा आहे हा…"

"किती?"

धाकटे मालक बहिणीकडे पाहू शकले नाहीत. त्यांनी मेजावरच्या शिवून ठेवलेल्या हातमोज्यांकडे पाहिले. "सगळ्या कुठून राहणार?" ते पुटपुटले. "यंत्रं कशासाठी आणतात मग?"

शेवटच्या रांगेतली एक मुलगी हुंदका देऊन रडू लागली. थोरल्या बाई बोलल्या तेव्हा त्यांच्या स्वरात राग नव्हता, फार जुना थकवा होता.

"मी आज सही करणार होते रे. आधी कुणीतरी बाईनं तसं केलंय आणि ती सुखानं बसलीये, एवढं ऐकलं असतं तरी पुरे होतं. मला विचारायला दुसरं आहे कोण? तू मला सरळ सांगितलं असतंस, की यातल्या निम्म्याहून जास्त घरी जातील, तर दोघं मिळून काही बघितलं असतं. आता कागद खिशातच ठेव."

"सगळा जन्म तुझ्या मागे चालण्यात गेला माझा," भाऊ दबल्या आवाजात म्हणाला.

"ठाऊक आहे मला. पण पुढे यायचं तर मला ओलांडून ये. यांना तुडवून नको."

ते निघून गेले. काचेच्या खोलीचे दार आपटल्याचा आवाज भिंतीपलीकडून आला. कंपनी आता दुसरीकडे जाईल, तिच्या यंत्रांचे स्वस्त हातमोजे बाजारात येतील आणि कारखान्याला त्यांच्याशी झुंजावे लागेल, हे त्या दालनातल्या प्रत्येकीला कळत होते. तरीही त्या क्षणी बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि मास्तरच्या बायकोभोवती तर गर्दी झाली.

मास्तर चौथऱ्यावरच उभा होता. पुस्तक मालकांनी मेजावर टाकले होते. ते उचलायचे की नाही, हे त्याला समजत नव्हते. हळूहळू गलका ओसरला आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. शेवटी अंगठेवाली उठली.

"मास्तर, उपकार केलेत तुम्ही. मरेपर्यंत विसरणार नाही," ती म्हणाली. या वेळी मात्र तिच्या तोंडाला थट्टा सुचत नव्हती. "पण उद्या तुम्ही वाचलंत की नायक बुडून मेला, तर आम्ही काय समजायचं? खरंच मेला, की मास्तरांना त्याचा राग आला? जगला तर जगला, की तुम्हाला दया आली? आमच्याकडे डोळे नाहीत हो, कानच आहेत."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाला. नियम त्याने स्वतःच कितीतरी वेळा अभिमानाने सांगितला होता. तो पायरी उतरला. गोदाम गेले होते, आणि आता चौथराही गेला. तरीही त्याला वाटले होते तेवढे काही कोसळले नाही. फक्त जमिनीवरून दालन निराळे दिसत होते, अधिक दाट, अधिक जवळ.

"मग वाचणार कोण?" एका मुलीने विचारले.

"मी प्रयत्न करीन," त्याची बायको म्हणाली.

"तुला वाचता येतं?" हा प्रश्न मास्तरच्याच तोंडून निसटला, आणि आजूबाजूच्या बायका त्याच्याकडे अशा काही पाहू लागल्या की त्याला तो परत गिळावासा वाटला.

"अडखळत येतं. तुम्ही घरी वाचायला बसायचात तेव्हा मी मागून बघत होते. तुम्ही विचारलंत कधी?"

थोरल्या बाईंनी मास्तरला काम दिले. शिवलेला हातमोजा उलटा असतो. त्याची बोटे गुळगुळीत लाकडी काडीने एकेक करून सुलटी काढावी लागतात. पुरुषांनी ते काम पूर्वी कधी केले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणा दारातून डोकावला, त्याने काडी पाहिली, तोंड उघडले, आणि मग कोणास ठाऊक का, काही न बोलता आपल्या दालनात निघून गेला.

दुपारी नवे पुस्तक उघडले. मास्तरची बायको उंच खुर्चीत बसली तेव्हा तिचे पाय पायरीला टेकत नव्हते. ती बोटाने ओळ धरून वाचू लागली. एकेका जोडाक्षरापाशी थांबत, श्वास घेत, पुन्हा मागे जात. पहिलेच वाक्य लांब होते, आणि त्याच्या मध्यावर एका अवघड शब्दापाशी ती अडकली. दालन वाट पाहत राहिले. मास्तरला ती ओळ दिसत नव्हती; परंतु वाक्याच्या चालीवरून तो शब्द कोणता असणार हे त्याने ओळखले होते, आणि तो त्याच्या जिभेच्या टोकावर येऊन उभा होता.

"मास्तर," अंगठेवाली सुईवरून नजर न उचलता म्हणाली, "तुमचे ओठ हलतायत."

त्याने ओठ मिटले, आणि पुढच्या हातमोज्याच्या करंगळीत काडी घातली.